गुलमर्गचा बर्फ: ॲपवरच्या आकड्यांवर कितपत विसंबावे?

रामबागकर (इंदूर), १२ जानेवारी, रात्री ९.४०

सर्वांना नमस्कार. आम्ही दोन कुटुंबांतले नऊ जण २४ ते ३० जानेवारी या काळात गुलमर्गला जाण्याच्या विचारात आहोत. तिघा मुलांना स्कीइंग शिकायचे आहे, आम्हा मधल्या पिढीला गोंडोलातून (रोपवेतून) वर जाऊन यायचे आहे, आणि ज्यांचे सगळे आयुष्य इंदुरात गेले त्या माझ्या ७१ वर्षांच्या वडिलांना पडता बर्फ एकदा अंगावर घ्यायचा आहे.

अडचण अशी की एका ॲपवर २६ जानेवारीला गुलमर्गमध्ये ६४ सेंमी बर्फ पडेल असे दिसते, आणि दुसऱ्या ॲपवर त्याच दिवसासमोर ११ सेंमी लिहिले आहे. आमच्या सहलीची व्यवस्था पाहणाऱ्या इथल्या गृहस्थांना गुरुवारपर्यंत पूर्ण रक्कम हवी आहे. एकदा भरलेली रक्कम परत मिळणार नाही, आणि ‘जानेवारीत गुलमर्गला बर्फ असतोच’ हे त्यांचे ठरलेले उत्तर आहे. मला मात्र २०२४ च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत आलेली गुलमर्गच्या तपकिरी, उघड्या कुरणांची छायाचित्रे चांगली आठवतात. चौदा दिवस आधीच्या या आकड्यांना काही अर्थ असतो का, आणि असल्यास दोहोंपैकी कोणता आकडा मानावा, हे जाणकारांनी सांगावे.

मावठा (इंदूर), १२ जानेवारी, रात्री ११.०५

चौदा दिवस आधीचा सेंटिमीटरमधला आकडा पाहूच नये, मग तो ६४ असो की ११. मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक आहे, त्यामुळे थोडे लांबण लावतो, चालवून घ्यावे.

गुलमर्गचा हिवाळी बर्फ पश्चिमी विक्षोभांमुळे पडतो. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या पट्ट्यात तयार झालेल्या कमी दाबाच्या प्रणाली वरच्या थरातील पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण आणि अफगाणिस्तान ओलांडून आपल्याकडे येतात आणि पीर पंजालच्या रांगेवर चढताना आपला ओलावा तिथे उतरवतात. आपल्या माळव्यात गव्हा-हरभऱ्यावर जो मावठा (हिवाळी पाऊस) पडतो तोही बहुधा याच कुळातला असतो, आणि मावठा ओसरल्यावर उत्तरेचा वारा सुटून इंदुरात जी थंडी भरते ती विक्षोभ पुढे सरकल्याची खूण असते. आता प्रश्न असा की २६ तारखेला बर्फ पाडणारा विक्षोभ आज कुठे आहे? बहुतेक वेळा तो अजून जन्मालाही आलेला नसतो. संगणकाचे प्रारूप आजच्या हवेवरून तो पुढे जन्मेल असे गणित मांडते, आणि त्या गणितात आरंभीचा फरक अगदी बारीक असला तरी चौदाव्या दिवशी तो शेकडो किलोमीटरचा होतो. म्हणूनच युरोपीय हवामान केंद्र आरंभीची स्थिती किंचित बदलून तेच गणित ५१ वेळा करते. त्या ५१ उत्तरांत काही शून्य असतात, काही फार मोठी असतात. बरीच ॲप मात्र एकाच गणिताचे उत्तर उचलून तुमच्यासमोर ठेवतात. आपल्या दोन ॲपनी बहुधा दोन वेगवेगळी उत्तरे उचलली आहेत.

दुसरा घोटाळा उंचीचा आहे. प्रारूप जमिनीचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनासाठी एकच उत्तर काढते. युरोपीय प्रारूपाचा एक चौकोन साधारण ९ किमीचा असतो. मे २०२५ पासून आपल्या हवामान खात्याने वापरात आणलेल्या भारत फोरकास्ट सिस्टिमचा चौकोन ६ किमीचा आहे. गुलमर्गचे मैदान २,६५० मीटरवर, गोंडोलाच्या पहिल्या टप्प्याचे कोंगडोरी सुमारे ३,०५० मीटरवर, दुसऱ्या टप्प्याचे वरचे टोक ३,९५० मीटरच्या आसपास, आणि अफरवात डोंगराचा माथा त्याहून वर. ही सगळी चढण अशा एक-दोन चौकोनांत मावते. चौकोनाची उंची मात्र सरासरीने धरलेली असते, आणि एक ॲप त्यावर स्वतःची दुरुस्ती करते तर दुसरे करत नाही. तेव्हा ६४ सेंमी कुठे पडणार, हॉटेलच्या दारात की माथ्यावर, हे त्या आकड्याला विचारता येत नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. प्रारूप आधी पाणी मोजते, बर्फाचा आकडा त्यावरून काढलेला असतो. ठोकताळा असा की १० मिमी पाण्याचा १० सेंमी बर्फ होतो. हवा चांगली थंड आणि कोरडी असेल तर त्याच पाण्याचा १५ सेंमी किंवा अधिक भुसभुशीत बर्फ होतो, आणि तापमान शून्याच्या आसपास असेल तर पाच-सहा सेंमीचा जड, ओला लगदा. त्यामुळे बर्फाच्या आकड्याशेजारी गोठणपातळी, म्हणजे ज्या उंचीवर हवेचे तापमान शून्य अंश असते ती उंची, जरूर पाहावी. बर्फ साधारणपणे तिच्याही दोन-तीनशे मीटर खालपर्यंत टिकून पडतो. गोठणपातळी २,००० मीटरच्या खाली असेल तर गुलमर्ग निर्धोक आहे. ती ३,००० मीटरवर गेली तर मैदानात पावसाची रिपरिप आणि वर अफरवातला उत्तम हिमवृष्टी, असा प्रकार घडतो.

मग पाहावे काय? हवामान खाते दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देते. त्यात सेंटिमीटर नसतात. पश्चिम हिमालयात अमुक आठवडा सरासरीहून ओला की कोरडा, एवढेच त्यात असते, आणि इतक्या आधी खरोखर तेवढेच सांगता येते. पाच दिवस आधी श्रीनगरच्या हवामान केंद्राचा अंदाज वाचावा. आकडे उरलेल्या तीन दिवसांसाठी ठेवावेत.

उतारावरची (इंदूर), १३ जानेवारी, सकाळी ७.५०

मावठाकाकांनी आकाशाचे सांगितले, मी जमिनीचे सांगते. मी गुलमर्गला तीन हंगामांत मिळून सहा आठवडे स्कीइंग केले आहे, त्यातले पहिले दोन आठवडे केवळ पडण्यात गेले.

रामबागकर, आपली मुले नवशिकी आहेत, हे या चर्चेत सर्वांत महत्त्वाचे आहे. नवशिक्यांचा सराव वर अफरवातला होत नाही. तो गुलमर्गच्या मैदानाच्या कडेच्या सौम्य उतारांवर, म्हणजे २,६५० मीटरवरच होतो. त्यांच्यासाठी आज किती पडला यापेक्षा खाली दाबून घट्ट झालेला थर किती आहे हे पाहावे लागते. घट्ट थरावर दहा-पंधरा सेंमी ताजा बर्फ असला की शिकायला त्याहून चांगले काही नाही. ६४ सेंमी एका दिवसात पडला तर मुले गुडघ्यापर्यंत रुततील, आणि शिक्षक ज्या पाचरीच्या पवित्र्यात वेग रोखायला शिकवतात (स्कीची टोके जवळ, मागचे भाग लांब) तो त्या भुसभुशीत बर्फात चालतच नाही. समाजमाध्यमांवर ज्या पावडरची (ताज्या भुसभुशीत बर्फाची) छायाचित्रे पाहून सगळे जातात ती मुरलेल्या स्कीपटूंची मेजवानी आहे. शिवाय बर्फ पडत असताना प्रकाश सपाट होतो. सगळीकडे एकसारखे पांढरे दिसते आणि पायाखालचा खड्डा की उंचवटा हे पायाला कळते, डोळ्याला नाही.

मला विचाराल तर हिमवृष्टी थांबल्यानंतरचा दुसरा आणि तिसरा स्वच्छ दिवस सर्वांत चांगला. तोवर उतार दाबून झालेले असतात, रस्ता उघडलेला असतो आणि वरचा टप्पाही सुरू होण्याची शक्यता असते. सलग आठवडाभर ऊन पडले की दुपारी वितळून रात्री गोठण्याचे चक्र सुरू होते. मग सकाळी काचेसारखी कडक पापडी, अकराच्या सुमारास छान, आणि तीननंतर खिचडी. फेब्रुवारीच्या अखेरीपासून हे रोजचेच होते.

तारखांबद्दल एक स्थानिक हिशेब सांगते. काश्मिरात २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्लई कलान म्हणतात, पुढचे वीस चिल्लई खुर्द आणि त्यापुढचे दहा चिल्लई बच्चा. कलानमध्ये पडलेला बर्फ थंडीमुळे टिकतो आणि पायाचा थर बनतो. पण अलीकडे कलान कोरडा जाऊन बर्फ उशिरा येण्याचे प्रकार घडले आहेत. आपण २०२४ चे म्हणालात, तेव्हा बर्फ जानेवारी सरता सरता आला आणि खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २१ ते २५ फेब्रुवारीला झाल्या. २०२५ मध्ये त्याच स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीत होऊ शकल्या नाहीत आणि ९ ते १२ मार्चला घ्याव्या लागल्या. सरकारी स्पर्धेलाही जिथे तारीख बदलावी लागते तिथे परतावा नसलेले आरक्षण करणे मला पटत नाही.

धुक्यातला किल्ला (ग्वाल्हेर), १३ जानेवारी, दुपारी १.१५

शिकायचेच असेल तर उत्तराखंडातले औली का नको? मी फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलो होतो. उतार मोकळा आणि सरळ आहे, समोर नंदादेवी आहे, गढवाल मंडळाचे स्कीइंगचे वर्ग आहेत. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागल्यावर तिथला रोपवे बंद झाला, म्हणून मला रस्त्याने वर जावे लागले, एवढाच त्रास झाला.

उतारावरची (इंदूर), १३ जानेवारी, दुपारी २.३०

दादा, औलीचा उतार शिकायला चांगला आहे, यात वाद नाही. पण औली २,५०० ते ३,०५० मीटरच्या दरम्यान आहे आणि गुलमर्गच्या बरीच दक्षिणेला आहे, त्यामुळे उत्तरेकडून सरकणारे कितीतरी विक्षोभ काश्मिरात बर्फ टाकतात आणि औलीला नुसते ढग दाखवून जातात. बर्फाअभावी तिथल्या राष्ट्रीय स्पर्धा एकाहून अधिक वेळा रद्द झाल्या आहेत. कृत्रिम बर्फाची यंत्रे आहेत हे खरे, पण त्यांनाही शून्याखालची कोरडी हवा लागते. उबदार, दमट रात्री ती यंत्रे फक्त पाणी शिंपडतील. गुलमर्गची खरी जमेची बाजू म्हणजे खाली बर्फ नसला तरी कोंगडोरीला किंवा त्याच्या वर तो सापडण्याची आशा असते.

धुक्यातला किल्ला (ग्वाल्हेर), १३ जानेवारी, दुपारी ३.०५

ताई, उंचीचा मुद्दा मान्य. रेल्वेचे मात्र आमच्याकडून ऐका. मालवा एक्स्प्रेसने कटऱ्यापर्यंत आणि तिथून जून २०२५ मध्ये सुरू झालेल्या वंदे भारतने श्रीनगर, हा मार्ग इंदूरकरांना सोयीचा वाटेल, कारण जम्मूचा महामार्ग बर्फाने बंद झाला तरी रेल्वे चालण्याची शक्यता अधिक असते. पण विक्षोभ गेल्यावर तुमच्याकडे थंडी भरते तेव्हा आमच्याकडे धुके भरते, आणि मालवा ग्वाल्हेरवरूनच जाते. जानेवारीत ती वेळेवर कटऱ्याला पोहोचेल असे धरून त्याच दिवसाची पुढची गाडी मुळीच आरक्षित करू नये. एक रात्र मध्ये ठेवावी.

महूचा निवृत्त (महू), १३ जानेवारी, सायंकाळी ६.२०

सैन्यात असताना मी दोन हिवाळे बर्फात काढले आहेत. एका गोष्टीचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही, म्हणून लिहितो.

जोरदार हिमवृष्टीनंतरचे पहिले २४ ते ४८ तास हिमस्खलनाच्या दृष्टीने सर्वांत वाईट असतात. ३० ते ४५ अंशांचा उतार, त्यावर नव्या बर्फाचा जाड थर आणि डोंगराच्या कण्यावरून वाऱ्याने उडवून आणलेला आणखी बर्फ, असे जमले की एका माणसाच्या वजनाने सगळी लादी सुटू शकते. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्गला सैन्याच्याच उच्च पर्वतीय युद्धशाळेचे १७ जवान हिमस्खलनात गेले. ही शाळा १९४८ पासून हेच प्रशिक्षण देत आली आहे. बर्फ ओळखणाऱ्यांवर ही वेळ येते. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवातच्या बाजूला दोन पोलिश स्कीपटू आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीपटू असेच गेले.

तेव्हा हवामानाच्या अंदाजाबरोबर डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेची जिल्हावार हिमस्खलन सूचना वाचावी. पूर्वी मनालीची सासे म्हणून जी संस्था ओळखली जाई ती आता हिच्यात आहे. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येते. दुसरा टप्पा बंद असेल तर खिडकीवर वाद घालू नये. वारा जोराचा असला किंवा गस्ती पथकाने उतार अजून मोकळा केलेला नसला की तो बंदच ठेवतात. आणि आखलेल्या हद्दीबाहेर मुलांनी एक पाऊलही टाकू नये. गाडले गेलेल्यास वाचवण्याची खरी मुदत दहा-पंधरा मिनिटांची असते आणि तेवढ्या वेळात बाहेरची मदत पोहोचत नाही. सोबत्याजवळ ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव सांगणारे संदेशयंत्र), शोधकाठी आणि फावडे असेल तरच आशा.

विश्वामित्रीकाठ (वडोदरा), १४ जानेवारी, सकाळी १०.१०

माझ्या आईला आम्ही मागच्या वर्षी कोंगडोरीपर्यंत नेले होते, म्हणून रामबागकरांच्या वडिलांसाठी दोन शब्द. पहिल्याच दिवशी वर नेऊ नये, एक दिवस गुलमर्गला किंवा श्रीनगरला राहू द्यावे. तापमान हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे गुलमर्गला शून्य असेल तेव्हा दुसऱ्या टप्प्याच्या टोकाला उणे आठ, आणि त्यावर वारा. त्यांच्यासाठी पहिला टप्पा पुष्कळ आहे. डॉक्टरांना विचारून जावे, हे वेगळे सांगायला नको.

रामबागकर (इंदूर), १४ जानेवारी, रात्री ८.३०

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. काल रात्री पुन्हा पाहिले तर पहिल्या ॲपवरचे ६४ सेंमी १९ वर आले होते आणि दुसऱ्यावरचे ११ सेंमी २७ तारखेला सरकून ३० झाले होते. मावठाकाकांचे म्हणणे मला व्याख्यानाने जितके पटले त्याहून अधिक या उलथापालथीने पटले.

सहलवाल्या गृहस्थांकडे मी तारखा पुढे ढकलता येतील अशी अट मागितली. त्यांनी नकार दिला आणि बर्फाची हमी तोंडी द्यायला तयार झाले, ती लेखी मागितल्यावर रागावले. तो व्यवहार सोडला आहे. आता हॉटेल स्वतः पाहतो आहोत. आठ दिवस आधीपर्यंत रद्द करता येईल असे एक मिळाले आहे, थोडे महाग आहे. तारखा १ ते ७ फेब्रुवारी धरल्या आहेत.

मावठा (इंदूर), १४ जानेवारी, रात्री ९.१५

उत्तम केले. एकच जोड देतो. आठ दिवस आधी, रद्द करण्याच्या शेवटच्या दिवशी, पुढे बर्फ पडेल का हे पाहण्यापूर्वी आज जमिनीवर किती आहे ते पाहावे. हॉटेलवाल्याला दारातले चालू छायाचित्र मागावे. पायाचा थर असेल तर नवा बर्फ दोन दिवस पुढेमागे झाल्याने आपले काही बिघडत नाही. उघडी जमीन असेल तर मात्र सगळी सहल एका न जन्मलेल्या विक्षोभावर उभी राहते.

रामबागकर (इंदूर), ९ फेब्रुवारी, सकाळी ११.००

काल रात्री घरी पोहोचलो. जसे घडले तसे लिहितो.

२४ जानेवारीला हॉटेलकडून आलेल्या छायाचित्रात कुंपणाचे निम्मे खांब बर्फात होते, म्हणून आरक्षण कायम ठेवले. आम्ही १ तारखेला पायथ्याच्या टंगमर्गला पोहोचलो तेव्हा बर्फ सुरू झाला होता. तिथून वरच्या १३ किलोमीटरसाठी साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच सोडत होते, आणि त्या थांबण्यात आमचे तीन तास गेले. तीन दिवस आधीचे अंदाज १ आणि २ तारखेसाठी २५ पासून ४० सेंमीपर्यंत होते. आकडे अजूनही जुळत नव्हते, पण दिवस मात्र सर्वांनी तोच सांगितला होता.

२ तारखेला काहीच चालू नव्हते. वडील सकाळी साडेसहाला हॉटेलच्या अंगणात जाऊन उभे राहिले आणि अर्धा तास आत यायला तयार नव्हते. आईने शेवटी ओरडून बोलावले. ३ तारखेला ऊन पडले, पहिला टप्पा अकराला सुरू झाला, दुसरा दिवसभर बंद राहिला. खाली रांगेत बरेच लोक कर्मचाऱ्यांशी भांडत होते. मला महूच्या साहेबांचे शब्द आठवत होते, म्हणून मी चहा प्यायला गेलो. ४ तारखेला दुसरा टप्पा दुपारी दीडनंतर उघडला, आम्ही चौघे वर गेलो, वीस मिनिटांत बोटे बधिर झाल्यामुळे परत आलो.

मुलांचा सराव ३ तारखेपासून चार दिवस झाला. उतारावरच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणेच पहिला दिवस रुतण्यात गेला, दुसऱ्या दिवसापासून बर्फ बसला आणि धाकटी सर्वांत आधी वळायला शिकली. भाड्याचे बूट पहिल्या दुकानात घाईने घेतले ही चूक झाली. टाच उचलली जात होती, म्हणून दुसऱ्या दिवशी बदलले. हातमोज्यांचे दोन जोड प्रत्येकी हवेत. एक ओला झाला की तो रात्रीत वाळत नाही.

बर्फ नेमका किती पडला हे विचाराल तर त्याचीही नोंद आहे. वडिलांनी १ तारखेला संध्याकाळी अंगणातला जुना बर्फ पायाने दाबून त्यात आपली काठी रोवली आणि तिला दर बोटभर अंतरावर लाल दोरा बांधला. २ तारखेला सकाळी ३१ सेंमी, दुपारी ३८, ३ तारखेला सकाळी ३३ आणि संध्याकाळी २७. नवा पडला नाही तरी थर आपल्याच वजनाने खाली बसतो, हे त्यांनी आम्हाला रोज जेवताना समजावून सांगितले.

मावठा (इंदूर), ९ फेब्रुवारी, सकाळी ११.४०

वडिलांना माझा नमस्कार कळवावा. काठी उघड्यावर रोवली होती की भिंतीच्या आडोशाला? आडोशाला वाऱ्याने आणलेला बर्फ साचतो आणि मोजणी फुगते.

रामबागकर (इंदूर), ९ फेब्रुवारी, दुपारी १२.१०

आडोशाला. त्यांना सांगितले, ते गप्प आहेत.